पंधरा निकाल, चार नावं

राज्याच्या राजकारणाचा इतिहास लिहायची आपली ऐपत नाही, हे मला कधीच कळून चुकलं होतं. जिल्ह्याचाही झेपणार नाही. पण एक विधानसभा मतदारसंघ? साल लिहायचं, पुढे नाव, पक्ष, मतं. रेघ मारली की पुढचं साल. त्यातही मतदारसंघ निवडला तो सोलापूर जिल्ह्यातला सांगोला, जिथून एकच माणूस अकरा वेळा निवडून गेला. म्हणजे अर्धी-अधिक वही 'वरीलप्रमाणे' लिहूनच भरणार. शिवाय माझ्या आत्याचं सासर त्याच तालुक्यातलं, तेव्हा राहण्याजेवण्याची चिंता नाही. संशोधनाचा विषय निवडताना माणूस किती उदात्त हेतू बाळगून असतो, ते यावरून कळावं.

वही अजून संपलेली नाही. पण ती भरताना जे काही उमगत गेलं, ते सांगावंसं वाटतं. तुमचा मतदारसंघ वेगळा असेल, आत्याही वेगळी असेल.

१. जी यादी पोस्टकार्डावर मावते, तीच उलगडायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. १९६२ ते २०२४ या बासष्ट वर्षांत सांगोल्यातून विधानसभेवर गेलेल्या माणसांची नावं आहेत फक्त चार. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख अकरा वेळा, काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील एकदा, शहाजीबापू पाटील दोनदा (एकदा काँग्रेसकडून, एकदा शिवसेनेकडून), आणि २०२४ मध्ये गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. एवढंच. हे लिहून झाल्यावर मी पेनाला टोपण लावलं आणि आत्याला म्हटलं, झालं की माझं काम. ती शेडमध्ये डाळिंबाची प्रतवारी करत बसली होती. मोठं फळ एका क्रेटमध्ये, मध्यम दुसऱ्यात, डाग पडलेलं बाजूला. मान वर न करता म्हणाली, "आगं, ह्यात पडल्याली माणसं कुठं हायेत?" खरंच नव्हती. माझ्या यादीत फक्त पहिल्या प्रतीचं फळ होतं. पडलेल्यांचा रकाना मी त्यानंतर आखला आणि वहीची पानं संपायला लागली.

२. कागदावरचा हिशेब आणि तालुक्याच्या तोंडी असलेला हिशेब जुळत नाही, तेव्हा दर वेळी तालुकाच चुकलेला असतो असं नाही. सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल ओळीने लावले तर गणपतरावांचे विजय भरतात दहा: १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. लोक मात्र ठामपणे अकरा म्हणतात. शेंडीला गाठ मारून अकरावा शोधायला निघावं, तर तो सार्वत्रिक निवडणुकीत नाहीच. तो आहे १९७४ च्या पोटनिवडणुकीत. पोटनिवडणुका मोठ्या अहवालांत बसत नाहीत, त्यांची नोंद वेगळी. मला एक गंमत वाटली. एखाद्या मतदारसंघाच्या आयुष्यात पोटनिवडणूक म्हणजे केवढी घटना! सगळ्या राज्याचं लक्ष तिथे, सभा तिथे, जीपगाड्या तिथे. आणि पुढे इतिहासात तीच गाळली जाते, कारण त्या दिवशी बाकीचं राज्य मतदान करत नव्हतं.

३. पराभवाची सालं जास्त बोलतात. अकरा विजयांपुढे गणपतरावांचे पराभव दोन, १९७२ आणि १९९५. मला ते आधी निव्वळ अपवाद वाटले. मग राज्याचे आकडे शेजारी मांडले आणि दोन्ही सालं दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागली.

१९७२ चं कोडं सोपं आहे. बांगलादेशाचं युद्ध नुकतंच जिंकलेलं, इंदिरा गांधींची लाट जोरात, महाराष्ट्र विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा काँग्रेसच्या. त्या पुरात शेकापच्या जागा सातावर आल्या. सांगोलाही वाहून गेला, त्यात नवल ते काय.

पण १९९५? त्या वर्षी वारं नेमकं उलटं होतं. काँग्रेस राज्यभर आपटली, २८८ पैकी ८० वर आली, शिवसेना-भाजपचं सरकार बसलं. आणि त्याच निवडणुकीत सांगोल्याने शेकापचा आमदार घरी बसवून काँग्रेसचा निवडून दिला! राज्याचं वारं पाहून तालुक्याचं भाकीत करणाऱ्या मंडळींनी हे साल टाचून ठेवावं. एकदा वाऱ्यासोबत, एकदा वाऱ्याच्या तोंडावर. दोन्हीकडून एकाच माणसाला पाडणारा मतदारसंघ कुणाचा आज्ञाधारक नक्कीच नव्हे. वर्तमानपत्रं सांगोल्याला हटकून 'बालेकिल्ला' म्हणतात. पण ज्या किल्ल्याची दारं आतूनच उघडतात, तिथे किल्लेदाराला रोज गस्त घालावी लागत असणार. मला वाटतं, गणपतरावांना ते पक्कं ठाऊक होतं.

४. १९२ हा आकडा मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवला आहे. १९९५ चा पराभव एवढ्याच मतांचा. चार एसटी गाड्या भरतील एवढी माणसं. तेव्हा मतदान यंत्रं नव्हती. कागदी मतपत्रिका, शिक्का, घड्या, मतपेट्या. मोजणीच्या टेबलावर गठ्ठे बांधायचे, शिक्का रेघेवर पडला की दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी मान पुढे काढून वाद घालायचे. अशा मोजणीत १९२ म्हणजे काय, ते ज्यांनी ती बघितली आहे त्यांनाच विचारावं.

मी विचारलं. आणि फसले. ज्या गावात विचारावं तिथे ते १९२ आमचेच, असा दावा. एका वस्तीवर रस्ता झाला नाही म्हणून. एका गावात दोन भावकींचं फाटलं म्हणून. कुठे कुणाची माणसं ऊसतोडीला गेली होती, ती परतलीच नाहीत म्हणून. चहाच्या टपरीवर एक गृहस्थ तर म्हणाले, "आमच्या एका घरात तेरा मतं हायेत, तीच फिरली." सगळ्यांचे दावे मी एकाखाली एक लिहिले असते तर मताधिक्य पाच आकड्यांत गेलं असतं. काठावरच्या निकालात प्रत्येकाला आपलं मत मोजलं गेल्याचा साक्षात्कार होतो. मोठ्या निकालात मात्र कुणीच छाती ठोकून सांगत नाही की पंचवीस हजारांतलं पहिलं मत माझं होतं.

५. सतत पडणाऱ्या उमेदवाराकडे बघायची माझी नजर बदलली. चिकमहूदचे शहाजीबापू पाटील हे बहुतेक महाराष्ट्राला कळले ते जून २०२२ मध्ये, शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीच्या हॉटेलातून केलेल्या एका फोनमुळे. त्या फोनमधल्या झाडी, डोंगार आणि हाटील यांवर त्या आठवड्यात गाणी झाली, टी-शर्ट निघाले. सांगोल्याला हा माणूस त्याआधी तीस वर्षं माहीत होता, आणि माहीत होता तो प्रामुख्याने पडूनही पुन्हा उभा राहणारा म्हणून. १९९५ मध्ये निवडून आले, मग थेट २०१९ मध्ये. १९९९ नंतरची मधली वीस वर्षं काय केलं असेल? लग्नं, बारसी, दहावे, जत्रा, पोलीस ठाण्यातल्या मध्यस्थ्या. खुर्ची नसताना आमदारकीची कामं करत राहायची, आणि पाच वर्षांनी पुन्हा अर्ज भरायला उभं राहायचं. त्यांच्या राजकारणाशी तुमचं जमो न जमो, ही चिकाटी साधी नाही.

२०१९ चा त्यांचा विजय ७६८ मतांचा. समोर गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख, नव्वदी ओलांडलेल्या आजोबांनी त्या वर्षी उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं. आता ही बेरीज करून बघा: १९२ अधिक ७६८, म्हणजे ९६०. शहाजीबापू दोन वेळा आमदार झाले ते दोन्ही मिळून हजाराच्याही आतल्या मताधिक्यावर. ही बेरीज माझ्या वहीतली मला सर्वांत आवडणारी बेरीज आहे. तिला शास्त्रीय अर्थ काही नाही. पण एकाच मतदारसंघात दोन आमदारक्या इतक्या थोड्या मतांवर मिळवलेला दुसरा माणूस मला अजून सापडायचा आहे.

६. जातीचं गणित मांडून मोकळं होणं फार मोहाचं असतं. मलाही झाला तो मोह. सांगोल्यात धनगर समाज मोठा, मराठा समाज मोठा, बाकीचे समाजही आपापल्या जागी ठाम. बाहेरून येणारा प्रत्येक जाणकार पहिल्या चहातच हे गणित तुमच्यापुढे टाकतो आणि दुसऱ्या चहाआधी उठतो. त्याचं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. गावात बसलं की जात दिसतेच, आणि मतदानाच्या दिवशी जरा जास्तच दिसते. पण मग २०१४ मध्ये गणपतराव सुमारे पंचवीस हजारांनी जिंकतात, २०१९ मध्ये त्यांचाच पक्ष आणि त्यांचंच घर ७६८ ने हरतं, आणि २०२४ मध्ये पुन्हा तेच घर पंचवीस हजारांच्या पुढे जातं. या दहा वर्षांत तालुक्यातल्या जाती काही इकडच्या तिकडे गेल्या नाहीत. मग फिरलं ते काय?

२०२४ चं उत्तर निदान अर्धं तरी कागदावर आहे. त्या वेळी लढत तिरंगी होती. शिंदे यांच्या शिवसेनेचे शहाजीबापू, ठाकरे यांच्या शिवसेनेचे दीपक साळुंखे, आणि शेकापचे बाबासाहेब देशमुख. तिसऱ्या क्रमांकाला पन्नास हजारांच्या घरात मतं पडली. 'तिसरा नसता तर' हा खेळ तालुक्यात अजून रंगतो, आणि खेळणारा ज्या बाजूचा असेल त्या बाजूला ते पन्नास हजार जातात. उरलेलं अर्धं उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

७. माझं कॅलेंडर आणि आत्याचं कॅलेंडर एक नाही. मी म्हणावं १९८५, तिने विचारावं, "म्हंजी तात्यांनी हीर खोदली तवा?" मी म्हणावं २००९, ती म्हणते, "तेल्या आला त्याच्या आसपास." तेल्या म्हणजे डाळिंबावर पडणारा करपा, ज्याने उभ्या बागा काढायला लावल्या. मी सालं दुरुस्त करायचा प्रयत्न सोडून दिला, कारण तिचा क्रम बरोबर असायचा. फक्त खुंट्या वेगळ्या होत्या.

एकदा मात्र मी तिला हटकलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची त्याच्या गोष्टी ती सांगत होती, आणि तिच्या बोलण्यात 'आमदारसाहेब आबा' येत होते. गणपतरावांना तालुका आबासाहेबच म्हणतो. मी म्हटलं, आत्या, तेव्हा आबासाहेब आमदार नव्हते. ते बहात्तरला पडले होते, चौऱ्याहत्तरला परत आले. तिने हातातलं फळ खाली ठेवलं. "पडल्यालं? कवा?" तिच्या दृष्टीने ते आमदार होतेच. खुर्ची दोन वर्षं दुसऱ्याकडे होती, हा तपशील तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आता इतिहास लिहिताना मी यातलं काय धरू? अहवाल म्हणतो आमदार नव्हते. खडी फोडणारी बाई म्हणते होते. मी दोन्ही लिहून ठेवलं आहे.

८. या भागात निवडणुकीचा नकाशा काढायचा तर आधी पाण्याचा काढावा लागतो. माण, कोरडा, अफ्रुका. सांगोल्याच्या नद्यांची नावं ऐकायला गोड आहेत, पण त्यांत वर्षातले बरेच महिने वाळूच दिसते. त्यामुळे इथलं राजकारण म्हणजे दुसऱ्याच्या नदीचं पाणी आपल्याकडे कसं आणायचं याचं राजकारण. कृष्णेचं पाणी कराडजवळ टेंभूला उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडी-सांगोल्यापर्यंत न्यायचं. म्हैसाळचं वेगळं, नीरेच्या उजव्या कालव्याचं वेगळं. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि भारत पाटणकर यांनी दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदा आटपाडीला भरवल्या, वर्षानुवर्षं. त्या परिषदांना जमलेली गर्दी ही कुठल्याच निवडणूक अहवालात नाही, पण अहवालातली बरीच मतं तिथून आलेली असावीत असा माझा कयास आहे.

एक नोंद करताना मी थबकले. कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं १९९६ मध्ये. म्हणजे ज्या एका पूर्ण मुदतीत हा पाण्यासाठी भांडणारा माणूस विधानसभेत नव्हता, नेमकी तीच. यातून काही सिद्ध होत नाही, योगायोगच म्हणायचा. पण तालुक्यात असा योगायोग कुणी योगायोग म्हणून सोडून देत नाही, त्यावर दोन्ही बाजूंनी तासभर बोलता येतं.

आणि एक प्रश्न आहे, जो गणपतरावांवरच्या गौरवलेखांत कुणी विचारत नाही: अकरा वेळा निवडून दिलं, तर पाणी यायला इतकी वर्षं का लागली? मला तो प्रश्न रास्त वाटतो. उत्तराचा एक भाग त्यांच्या बाकाचा आहे. १९७८ चं पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार आणि १९९९ नंतरचं आघाडी सरकार, या दोन वेळा ते मंत्री होते. बाकी सगळी कारकीर्द विरोधी बाकावर, १९७७-७८ मध्ये तर विरोधी पक्षनेते म्हणून. विरोधी आमदाराच्या हातात आवाज असतो, तिजोरी नसते. त्यांनी जे हातात होतं त्यातून उभं केलं, त्यात सांगोल्याची सहकारी सूतगिरणी आहे, कापूस फारसा पिकत नसलेल्या तालुक्यात. पण कोरड्या विहिरीच्या काठावर बसलेल्या माणसाला बाकांचा हा फरक समजावून सांगणं सोपं नाही. मी सांगून पाहिला. आणि तरीही त्याच तालुक्यातून २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली, सांगोला ते शालिमार. तिच्यात इथली डाळिंबंही होती. शेततळी, ठिबक, टँकरने जगवलेल्या बागा, हे सगळं उभं करणारी माणसं कुणाच्या सभेची वाट बघत बसली नव्हती, तेही खरं.

९. मतदारसंघ म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे. तो दर काही वर्षांनी हलतो. २००८ च्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातली काही गावं सांगोल्याला जोडली गेली. वर लोकसभेला सांगोला पंढरपूरच्या राखीव मतदारसंघातून निघून नव्या माढ्यात गेला, जिथून २००९ मध्ये शरद पवार खासदार झाले. तेव्हा १९६२ ची मतं आणि २०१४ ची मतं एका रांगेत मांडून 'वाढ झाली' म्हणणं फसवं आहे. १९९० च्या विधानसभा निवडणुकीपासून तर अठरा वर्षांची मुलंही मतदार झाली. हे सगळं तळटिपेत टाकायचं ठरवलं आहे.

१०. साधेपणाचा मोह आवरला पाहिजे. गणपतरावांवर लिहायला बसलं की पहिल्या तीन ओळींतच एसटीने प्रवास, साधं घर, एकच पक्ष हे येतं. माझ्याही पहिल्या खर्ड्यात आलं. ते खरंच आहे, सगळ्या महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. पण त्याने माणूस देव्हाऱ्यात जाऊन बसतो आणि निवडणूक विसरली जाते. साधं राहून कुणी अकरा वेळा निवडून येत नाही; नाहीतर आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर आज मुख्यमंत्री असते. गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली करायला सांगोल्यात आले आणि परक्या तालुक्यात पाय रोवले. कोणत्या वाडीत कुणाचा शब्द चालतो, कुठला कार्यकर्ता कुणावर रुसला आहे, कुठे स्वतः जायचं आणि कुठे निरोप पुरतो, हे त्यांना पाठ असणार. साधेपणाइतकीच ही बारीक नजर मला मोठी वाटते. तिच्यावर मात्र कुणी अग्रलेख लिहीत नाही.

आणि निष्ठेचं म्हणाल, तर तीही दोन्हीकडून मोजावी. १९६२ मध्ये शेकापचे आमदार पंधरा होते. २०१४ मध्ये तीन. २०१९ मध्ये सांगोला गेलं आणि पक्षाकडे राहिलं ते नांदेडकडचं लोहा, एकटं. २०२४ मध्ये पुन्हा एकच जागा, या खेपेला सांगोला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी उभा केलेला, एके काळी काँग्रेसला घाम फोडणारा पक्ष आज विधानसभेत जिवंत आहे तो या एका दुष्काळी तालुक्याच्या जिवावर. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी गेले, त्यामुळे हे त्यांनी पाहिलं नाही. पक्ष सोडला नाही म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. पण तालुक्यानेही एका आटत चाललेल्या पक्षाला बासष्ट वर्षांत पंधरापैकी बारा वेळा मत दिलं, त्याचं कौतुक मी कुठे फारसं वाचलेलं नाही.

११. शेवटी काही माहिती मिळणार नसतेच, आणि ती न मिळणं हेच बरं. एवढी वही भरली, आत्याच्या घरी एवढं खाल्लं, तरी तिने कुणाला मत दिलं ते मला आजवर कळलेलं नाही. एकदा सरळ विचारलंच. ती हसली. "मत आन् माह्यारास्नं आल्यालं पैसं, नवऱ्याला बी सांगायचं नसतंय." घरातले पुरुष ओट्यावर बसून अख्ख्या घराची मतं एकगठ्ठा जाहीर करत होते, आतमध्ये ही आणि तिची जाऊ एकमेकींकडे बघून शेंगा सोलत होत्या. टपरीवर भेटलेल्या त्या 'एका घरात तेरा मतं' वाल्या गृहस्थांची मला तेव्हा फार आठवण झाली. त्या तेरांत बायका किती होत्या, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

१२. पुढचं पान कोरं ठेवणं जड जातं. माझ्या चार नावांत बाई एकही नाही; विजयी रकान्यात तर नाहीच. पण २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या आहेत, आणि ते जनगणना नि नव्या पुनर्रचनेनंतर लागू व्हायचं आहे. म्हणजे सांगोल्याच्या हद्दी पुन्हा बदलू शकतात, आणि आळीपाळीने जागा फिरल्या तर एखाद्या निवडणुकीत इथून बाईच उभी राहील. मी हे मोठ्या उत्साहाने आत्याला समजावलं. पाचवं नाव बाईचं असू शकतं, म्हटलं. तिने क्रेट उचलून एकावर एक रचले, पदराने हात पुसले आणि विचारलं, "आन् ती कुनाची सून आसंल, ते बी ठरवलंय का त्यांनी?"